बँटम कोंबड्यांच्या पिलांतील नर व मादी लहानपणींच कशीं ओळखावीं ?

बँटम म्हणजे ठेंगण्या जातीची कोंबडी. जावा बेटावरील बांतेन या बंदराच्या नांवावरून युरोपियन व्यापाऱ्यांनीं हें नांव तिला दिलें व तेंच पुढें रूढ झालें. दाणा थोडा, जागा थोडी, आणि खुडूक होऊन अंडीं उबविण्याची हौस मात्र मोठी, या गुणांमुळें मळ्यावर वस्ती करून राहणाऱ्या शेतकऱ्यास चार-दोन बँटम कोंबड्या बाळगणें जड जात नाहीं. पण ज्यानें एकदां तरी बँटमचीं पिलें वाढविलीं आहेत त्यास एक अडचण हटकून आलेली असते. पिलें अंड्याबाहेर पडून वाळलीं न वाळलीं तोंच घरांतील लहानथोर विचारूं लागतात कीं, यांत कोंबडे किती आणि तलंगा किती ?

हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाहीं. आठ-दहा माद्यांमागें एक नर पुरतो. जास्त राहिलेले नर दाणा खातात, आपसांत रक्तबंबाळ होईपर्यंत झुंजतात व वयांत येतांच तलंगांच्या पाठीचीं पिसें उपटून काढतात. उलट, नर समजून एखादी तलंग बाजारांत गेली तर तिच्याबरोबर पुढील वर्षाची वीणही गेली. म्हणून कोणतें पिलूं ठेवावें व कोणतें काढावें, हा निर्णय जितका लवकर तितका बरा. परंतु जितका लवकर तितका चुकण्याचा संभवही अधिक. या दोहोंचा मेळ कसा घालावा एवढाच या लेखाचा विषय आहे.

प्रस्तुत लेखकानें स्वतः केलेली चूक प्रथम सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्याकडे एका बँटम कोंबडीनें अकरा पिलें काढलीं. पांच आठवड्यांचीं झालीं तेव्हां त्यांपैकीं चार पिलें इतरांहून ठळकपणें पुढें गेलेलीं दिसलीं. अंग पिसांनीं भरलेलें, शेपूट लांब व नीटस. बाकीचीं सात उघड्या पाठीचीं व आंखूड शेपटीचीं. जीं जोमदार तीं नर, असा सरळ हिशेब करून मीं तीं चार आठवड्याच्या बाजारांत देऊन टाकलीं. आमच्या शेतावर काम करणाऱ्या एका वृद्ध बाईंनीं त्याच वेळीं हटकलें होतें : "अण्णा, शेपटी काय बघतासा ? तुरा बघा कीं." मीं ऐकलें नाहीं. पुढें दोन महिन्यांच्या आंत घरीं राहिलेल्या सातांपैकीं पांच जण एकापाठोपाठ एक आरवूं लागले. कोंबडें झांकलें तरी तांबडें फुटतेंच. पण येथें तें फुटलें तेव्हां माझ्या चारही तलंगा दुसऱ्याच्या खुराड्यांत अंडीं घालण्याच्या बेतांत होत्या. पहिल्या महिन्यांत पिसें व शेपूट लवकर येणें हें बहुधा मादीचें लक्षण होय, नराचें नव्हे, हें मला त्या व्यवहारानें शिकविलें.

या कामीं आणखी एक चुकीचा हिशेब होतो. दहा पिलें असलीं तर पांच नर व पांच माद्या असणारच, असें धरून लोक पिलांची वांटणी करतात. सरासरीनें अर्धीं-अर्धीं निपजतात हें खरें. पण एकेका वेताचा विचार केला तर दहा पिलांत बरोबर पांच-पांच येण्याचा योग चार वेळां मिळून एकदांच यावयाचा. सात-तीन, आठ-दोन हेही प्रकार नेहमींचेच. म्हणून "पांच नर निघाले, आतां उरलेल्या तलंगाच" असा निकाल संख्येवरून कधींही देऊं नये.

जुन्या समजुतींचें काय ? लांबट, टोंकदार अंड्यांतून एक व वाटोळ्या अंड्यांतून दुसरें लिंग निपजतें ही समजूत फार प्राचीन आहे. ग्रीक पंडित अॅरिस्टॉटल यानें लांब टोंकदार अंडीं मादीचीं म्हणून लिहिलें. रोमन कृषिलेखक कोल्युमेला यानें त्याच्या उलट लांब अंडीं नराचीं म्हणून सांगितलें. दोघांपैकीं कोणाचेंही मत खरें नाहीं. अंड्याचा आकार कोंबडीच्या अंडनलिकेंत ठरतो. आंतील जीवाचें लिंग त्याआधींच ठरून गेलेलें असतें. पिलूं मानेस धरून उचललें असतां पाय जवळ घेतें कीं लोंबते सोडतें, दोऱ्यास बांधलेली आंगठी त्यावर धरली असतां गोल फिरते कीं झुलते, या परीक्षांची किंमत नाणें उडवून छाप-कांटा पाहण्याएवढीच आहे. अशा परीक्षा निम्म्या वेळां खऱ्या ठरतात, आणि खऱ्या ठरलेल्या तेवढ्या लोकांच्या लक्षांत राहतात.

लिंग कसें ठरतें हें थोडक्यांत सांगणें जरूर आहे, कारण पुढील सर्व विवेचन त्यावर उभें आहे. गाई-म्हशींत वांसरूं पाडा होणार कीं पाडी, हें वळूच्या बीजावर अवलंबून असतें. पक्ष्यांत याच्या उलट आहे. नराजवळ लिंगनिश्चय करणारीं दोन सारखीं रंगसूत्रें असतात. त्यांस झेड म्हणतात. मादीजवळ एक झेड व एक निराळें, लहानसें डब्ल्यू नांवाचें असतें. आईकडून झेड मिळालें तर नर, डब्ल्यू मिळालें तर मादी. अर्थात् नर फार निपजले म्हणून कोंबड्यास दोष देणाऱ्यानें तो दोष उगीच दिला. आतां लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, मादी पिलास झेड रंगसूत्र फक्त बापाकडून मिळतें, तर नर पिलास आई व बाप या दोघांकडून एकेक मिळतें. रंगाचे व पिसांचे जे गुण या झेडवर बसलेले आहेत त्यांचा उपयोग करून घेतां आला तर पिलूं अंड्याबाहेर पडतांच त्याचें लिंग सांगतां येतें.

याचें उत्तम उदाहरण आडव्या पट्ट्यांच्या प्लिमथ रॉक जातीचें. या जातीचीं बँटमही आहेत. पट्ट्याचा गुण झेडवर असून तो प्रबळ आहे. पट्टेदार मादी व काळा किंवा तांबडा बिनपट्ट्याचा नर यांचा संकर केला, तर मुलगे आईकडून पट्टा घेतात व मुली बापाप्रमाणें बिनपट्ट्याच्या निघतात. पहिल्या दिवशीं दोन्ही प्रकारचीं पिलें काळ्या लवेचीं असतात. परंतु नराच्या डोक्यावर पांढुरका ठिपका असतो, मादीच्या डोक्यावर तो नसतो. लहान मुलालाही हीं पिलें निवडतां येतील. मात्र जोडी उलटी लावली, म्हणजे नर पट्टेदार व मादी काळी घेतली, तर सर्वच पिलें पट्ट्याचीं निपजून सारा खटाटोप फुकट जातो. नर पांढराही नसावा, कारण कांहीं पांढऱ्या जातींचा पांढरा रंग इतका प्रबळ असतो कीं तो खालचे सर्व रंग झांकून टाकतो.

दुसरी जोडी सोनेरी व रुपेरी रंगाची. नर ऱ्होड आयलंड रेड व मादी लाइट ससेक्स, ही जोडी मोठ्या कोंबड्यांत प्रसिद्ध आहे व या दोन्ही जातींचीं बँटमेंही मिळतात. येथें नर पिलें फिक्या पिंवळसर लवेचीं व मादी पिलें तांबूस लवेचीं निघतात. या दोन्ही युक्त्या पहिल्याच पिढीपुरत्या आहेत. अशा संकरित पिलांची आपसांत पैदास केली तर रंग व लिंग यांची सांगड सुटते. ही अडचण दूर करण्यासाठीं केंब्रिज येथें पनेट व पीज या शास्त्रज्ञांनीं खटपट करून, जिचीं पिलें शुद्ध पैदाशींतही जन्मतःच नर-मादी ओळखूं येतात अशी कँबार नांवाची जात १९२९ सालीं प्रसिद्ध केली. सोनेरी कँपाइन व पट्टेदार रॉक यांच्या संकरांतून ती निघाली. नरास पट्ट्याचा गुण दोहों बाजूंनीं, म्हणजे दुप्पट मिळतो, त्यामुळें त्याची लव फिकी व पाठीवरच्या रेषा पुसट होतात. मादीस तो एकपट मिळत असल्यानें तिच्या रेषा स्पष्ट राहतात. लेगबार ही जातही याच तत्त्वावर तयार झाली. शुद्ध पट्टेदार रॉक पिलांतही हेंच तत्त्व थोडेंबहुत दिसतें : नराच्या डोक्यावरील ठिपका मोठा व पसरट, मादीचा लहान व आटोपशीर, आणि मादीच्या पायाच्या नळ्या पुढील बाजूस अधिक काळसर. पण हा फरक प्रमाणाचा असल्यामुळें डोळ्यास सराव लागतो.

पंखांच्या पिसांवरून ओळखण्याची रीत अनेकांनीं ऐकलेली असते, आणि हिच्यासारखी दिशाभूल करणारी रीत दुसरी नाहीं. रीत खोटी नाहीं. ती भलत्या ठिकाणीं लावली जाते. पिसें सावकाश येण्याचा गुणही झेडवरच आहे व तोही प्रबळ आहे. बाप जलद पिसांच्या वंशाचा व आई सावकाश पिसांच्या वंशाची असेल तरच पहिल्या दिवशीं मुलींच्या पंखाचीं मोठीं पिसें वरच्या आच्छादक पिसांहून लांब व मुलग्यांचीं तीं बरोबरीचीं किंवा आंखूड दिसतात. मोठ्या उबवणी कारखान्यांत असे वंश मुद्दाम राखलेले असतात. आपल्या खुराड्यांतील आईबापांचा हा गुण ठाऊक नसतां पिलाचा पंख ताणून पाहणें व्यर्थ आहे.

जपानी पद्धतीचाही येथें उल्लेख करावयास हवा. मासुई, हाशिमोतो वगैरे जपानी संशोधकांनीं एक दिवसाच्या पिलाचें गुदद्वार हलकेंच उलटून आंतील बारीक उंचवट्यावरून लिंग सांगण्याची पद्धत बसविली, व १९२७ सालीं कॅनडांतील ओटावा येथें भरलेल्या जागतिक कुक्कुट परिषदेमुळें ती पाश्चात्य देशांत माहीत झाली. निष्णात माणूस या पद्धतीनें हजारों पिलें फारशी चूक न करतां निवडतो. पण तो उंचवटा टांचणीच्या डोक्याएवढाही नसतो, पुष्कळ मादी पिलांतही त्याच्यासारखें कांहीं दिसतें, आणि हात बसण्यास महिनेच्या महिने शिक्षण लागतें. त्यांतून बँटमचें अंडें अवघें तीस ते चाळीस ग्रॅमचें, व पिलूं त्याच्या सुमारें दोन-तृतीयांश वजनाचें. एवढ्याशा जीवाच्या पोटांत त्या दिवशीं बलकाची पिशवी भरलेली असते. अंगठ्याचा दाब जरा अधिक पडला तर ती फुटून पिलूं मरतें. घरच्या दहा-बारा पिलांवर हा प्रयोग करूं नये असें माझें स्पष्ट मत आहे. अलीकडे प्रयोगशाळेंत रक्ताच्या थेंबावरून अथवा उपटलेल्या पिसाच्या मुळावरून पक्ष्याचें लिंग निश्चित सांगतां येतें, परंतु साध्या बँटम पिलाच्या किंमतीहून त्या परीक्षेचा खर्चच जास्त.

तेव्हां ज्याच्याजवळ वर सांगितल्यापैकीं जोडी नाहीं, त्यानें पहिल्या दिवशीं निकाल लावण्याचा हट्ट सोडावा व पिलें आठवड्या-आठवड्यानें पाहत जावीं. येथें रंगाप्रमाणें निरीक्षण बदलतें.

सर्वांत सोयीचा रंग म्हणजे रानकोंबड्याचा, अर्थात् नर काळ्या छातीचा व तांबड्या पाठीचा आणि मादी तित्तिरासारखी करडी-तपकिरी. ओल्ड इंग्लिश गेम या झुंजाऱ्या जातीच्या बँटमांत हा रंग फार आढळतो. आपल्याकडील गांवठी कोंबड्यांतही तो पुष्कळ दिसतो, व त्यांच्या पिलांस पुढील लक्षणें बहुतांशीं लागू पडतात. हीं पिलें जन्मतः खारीसारखीं पट्टेदार असतात. मादीच्या पाठीवरच्या पट्ट्यांच्या कडा रेखीव व डोळ्यापासून मागें मानेकडे जाणारी काळी रेघ अखंड असते. नराची रेघ तुटक किंवा पुसट असण्याकडे कल असतो. हा नुसता कल आहे, निर्णय नव्हे. त्याची वहींत नोंद करावी व थांबावें. तिसऱ्या आठवड्यापासून पांचव्यापर्यंत छातीवर खरीं पिसें येऊं लागतात, आणि येथें मात्र बहुधा निकाल लागतो. मादीच्या छातीवर फिक्या विटकरी रंगाचीं पिसें येतात, नराच्या छातीवर काळीं. पिलूं उताणें न करतां छातीवरील लव फुंकर घालून बाजूस केली कीं खालून फुटणारीं पिसें स्वच्छ दिसतात. पुढें सहाव्या ते आठव्या आठवड्यांत नराच्या खांद्यावर गडद तांबडीं पिसें उमटतात. मादी सर्वांगीं बारीक ठिपक्यांचीच राहते.

सर्वांगीं काळ्या किंवा पांढऱ्या बँटमांत असा कांहींच आधार नसतो. तेथें तुरा हाच पंच. एकेरी तुऱ्याच्या जातींत चौथ्या ते आठव्या आठवड्याच्या दरम्यान नराचा तुरा बुडाशीं जाड होऊन गुलाबी-तांबडा होतो व चोंचीखालीं दोन्ही बाजूंस लाल लोलक फुटूं लागतात. मादीचा तुरा त्या वेळीं पातळ व फिका पिंवळा असतो. तुरा किती उंच आहे यापेक्षां तो बुडाशीं किती रुंद आहे हें पाहावें. ज्यांचा तुरा डोक्यास चपटा चिकटून असतो अशा जातींत हा फरक उशीरां कळतो. तुऱ्याची पारख एकाच वेताच्या व एकाच जातीच्या पिलांतच करावी, आणि ती दिवसाउजेडीं करावी. कंदिलाच्या किंवा पिंवळ्या दिव्याच्या उजेडांत सर्वच तुरे तांबडे भासतात. आजारी नराचा तुरा फिका पडतो हेंही विसरूं नये. पायांच्या नळ्या जाड असणें, मान ताठ धरणें, हीं लक्षणें तुऱ्यास दुजोरा देण्यापुरतीं घ्यावीं. झुंजीवर तर मुळींच विसंबूं नये, कारण तीन आठवड्यांच्या तलंगाही छातीस छाती लावून उड्या मारतात.

दहाव्या आठवड्यानंतर मानेचीं व कमरेचीं पिसें बोलूं लागतात. नराचीं लांब, अणकुचीदार व चकचकीत. मादीचीं टोंकास वाटोळीं. याविषयीं एक चमत्कारिक गोष्ट सांगण्याजोगी आहे. आपण समजतों कीं नराचा पिसारा नराच्या रसामुळें येतो. वस्तुतः मादीच्या अंडाशयांतील रस नसला कीं पिसें आपोआप नराच्या थाटाचीं येतात. म्हणूनच अंडाशय निकामी झालेल्या म्हाताऱ्या कोंबडीला कधीं कधीं कोंबड्याचीं पिसें येतात, आणि घरांत अपशकुन म्हणून तिला उगीच बळी दिलें जातें.

याच नियमाचा उलटा प्रकार सेब्राइट बँटमांत दिसतो. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं इंग्लंडांतील सर जॉन सेब्राइट यांनीं ही सुंदर जात तयार केली. हिच्या नरालाही मादीसारखींच वाटोळीं पिसें असतात. शेपटींत विळ्यासारखीं वांकडीं पिसें नाहींत, मानेवर टोंकदार पिसें नाहींत. अमेरिकन शास्त्रज्ञ टी. एच्. मॉर्गन यांनीं या नरांचे वृषण काढून पाहिले, तों पुढच्या पिसें झडण्याच्या वेळीं त्यांस इतर कोंबड्यांसारखा पिसारा आला. ही हकीकत त्यांनीं १९१९ सालीं प्रसिद्ध केली. पुढील संशोधनावरून असें समजलें कीं, या जातीच्या कातडींतच नराच्या रसाचें मादीच्या रसांत रूपांतर होतें. शेतकऱ्यानें यांतून घ्यावयाचें तें इतकेंच कीं, सेब्राइटचीं पिलें पिसांवरून कधींही निवडूं नयेत. तुरा, लोलक व आरवणें यांचीच वाट पाहावी. सिल्की या रेशमी पिसांच्या जातीलाही घाई चालत नाहीं. तिच्यांत जाणते लोक चार-चार महिन्यांपर्यंत फसतात.

आरवण्याविषयीं दोन शब्द. कांहीं बँटम नर सहाव्या आठवड्यांतच चिरक्या आवाजांत आरवूं लागतात, कांहीं चार महिन्यांचे होईपर्यंत तोंड उघडीत नाहींत. थोरला नर दांडगा असला कीं धाकटे गप्प राहतात. म्हणून आरवलें तें नर असें म्हणण्यास बहुधा हरकत नाहीं, पण आरवलें नाहीं म्हणून तें मादी, असें म्हणतां येत नाहीं.

नोंद कशी ठेवावी तें सांगून लेख पुरा करतों. पिलें आठवड्याचीं झालीं कीं प्रत्येकाच्या पायांत निरनिराळ्या रंगाचें सैल कडें घालावें. दोरा बांधल्यास दर चार दिवसांनीं तो तपासून सैल करावा. बँटमचा पाय बारीक असला तरी वाढतो लवकर, आणि घट्ट राहिलेला दोरा मांसांत रुतून पिलूं लंगडें होतें. वहींत रंगवार एकेक पान करून दर आठवड्यास त्याच वारीं रेघ, छाती, तुरा व शेपूट यांविषयीं एकेक ओळ लिहावी, व मागील आठवड्याचें पान न पाहतां लिहावी, नाहीं तर आपलेंच पहिलें मत आपण पुन्हां पुन्हां उतरवीत राहतों. दोन निरनिराळीं लक्षणें दोन आठवडे एकच गोष्ट सांगूं लागलीं म्हणजे तें पिलूं ठरलें असें समजावें. ठरलेले नर दहाव्या ते बाराव्या आठवड्यांत वेगळ्या डालग्याखालीं किंवा खुराड्यांत घालावे, आणि त्यांतून वंशासाठीं एक उत्तम व एक जास्तीचा राखून बाकीचे काढावे. ज्याविषयीं लक्षणें आपसांत भांडत असतील तें पिलूं विकूं नये. आमच्या यंदाच्या नऊ पिलांपैकीं चार तलंगा व तीन नर सातव्या आठवड्यांतच ठरले. निळ्या व पिंवळ्या कड्यांचीं दोन अद्याप ठरावयाचीं आहेत, आणि गिऱ्हाईक दोनदां दारीं येऊन गेलें तरी तीं अजून खुराड्यांतच आहेत.